काचेवर रेघा राहतात, काय करू?

प्रश्न : दादा, मी राजारामपुरीत दुकानांच्या काचा पुसायचं काम नुकतंच धरलंय. वायपर नवा घेतलाय तरी उभ्या रेघा राहतात, मालक तोंड वाकडं करतात. कुठं चुकतंय?

उत्तर : भावा, नव्वद टक्के वेळा चूक हातात नसते, रबरावर असते. एक पट्टा ओढला की रबर फडक्यानं पुसायचंच, नाहीतर तेच घाण पाणी पुढच्या पट्ट्यात उतरतं आणि रेघ पडते. आणि काच ओली केल्याशिवाय वायपर ओढू नकोस, अडखळत जातो. काच ओली केली की आधी फक्त वरच्या कडेला फडक्यानं दोन बोटं कोरडी पट्टी करून घे आणि रबर तिथं टेकवून खाली सरळ ओढ, मधे थांबायचं नाही, पुढचा पट्टा आधीच्यावर दोन इंच चढवून घ्यायचा आणि वायपर किंचित तिरका धरायचा म्हणजे पाणी ओल्या बाजूलाच पळतं. दाबू मात्र नकोस, नवीन पोरं सगळी दाबतात, त्यानं रबर वाकतं आणि पाणी खालून निसटतं.

बादलीत भांड्याच्या लिक्विडचे चार-पाच थेंब बास, जास्त फेस झाला की काच धुरकट दिसते. बोअरचं पाणी असेल तर वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात, त्यापेक्षा नळाचं घे. दुपारी उन्हानं तापलेल्या काचेला हातच लावू नकोस, पाणी ओढायच्या आधीच वाळतं, सकाळी दुकानं उघडायच्या आधी जा. रबराच्या कडेवरून नख फिरवून बघ, खाच लागली तर पट्टी काढून उलटी बसव, दुसरी कड कोरी असते.