वाचक विचारतात : टेम्पेलहोफ का बंद केलं?

प्रश्न : बर्लिनच्या वेढ्यात (१९४८-४९) ज्या टेम्पेलहोफ विमानतळानं विमानातून आलेल्या रसदीवर शहर जगवलं, ते २००८मध्ये बंद का केलं? नव्या विमानतळाच्या जोडीला चालू ठेवता आलं नसतं?

उत्तर : ठेवता आलं असतं, पण मग नव्याला परवानगी मिळणं अवघड होतं. १९९६मध्ये केंद्र सरकार, बर्लिन आणि भोवतालचं ब्रांडेनबुर्ग राज्य यांचं ठरलं : सगळी वाहतूक शहराबाहेर श्योनेफेल्डला न्यायची आणि आतले दोन्ही विमानतळ, टेम्पेलहोफ आणि टेगेल, बंद करायचे. तिकडच्या गावांवर नवा गोंगाट लादायचा, तर शहरातला कमी व्हायलाच हवा, असा तो हिशोब. शिवाय टेम्पेलहोफची धावपट्टी जेमतेम दोन किलोमीटर, आणि विमानं शेजारच्या नॉयक्योल्न वस्तीतल्या घरांच्या छपरांवरून उतरायची. लांब पल्ल्याच्या मोठ्या जेटचं तिथं काम नव्हतं.

एप्रिल २००८मध्ये सार्वमत झालं. मतदान करणाऱ्यांपैकी बहुतेकांना विमानतळ हवाच होता, पण एकूण मतदारांपैकी २५ टक्क्यांचा होकार लागत होता. तो मिळाला नाही. ३० ऑक्टोबरला शेवटची विमानं उडाली.

माझं मत विचाराल तर निर्णय बरोबर, वेळापत्रकाचा मात्र पार बोजवारा! नवा विमानतळ २०१२मध्ये उघडायचा होता. अग्निसुरक्षा यंत्रणेनं घोळ घातला आणि तो उघडला थेट ३१ ऑक्टोबर २०२०ला. टेम्पेलहोफ बंद झाल्यापासूनची बारा वर्षं बिचाऱ्या टेगेलनं ओढली.

टेम्पेलहोफचं मैदान २०१०पासून लोकांना खुलं आहे. धावपट्टीवर आता सायकली धावतात, पोरं पतंग उडवतात. तिथं घरं बांधायचा बेत २०१४च्या सार्वमतानं हाणून पाडला.