टेकडी, मावळ आणि वर्षातून एकदा मनाली, सगळ्यांना मिळून एकच माउंटन बाईक: १७० मिमी ट्रॅव्हलची घ्यावी का?

१७० नको. (ट्रॅव्हल म्हणजे सस्पेन्शन किती दबू शकतं ते माप.) मागे १४५ ते १५० आणि पुढे १५० ते १६० मिमी, एवढ्यावर थांबा.

तुमचं वजन ७५ किलो, आठवड्यात दोनदा पुण्यातली टेकडी, रविवारी मावळातल्या पायवाटा, वर्षातून एकदा मनाली, आणि घरापासून ट्रेलपर्यंत दहा-बारा किलोमीटर डांबर, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे बहुतेक वेळ तुम्ही पेडल मारत असणार. १७० ची खरी गरज पडलीच तर मनालीच्या त्या आठवड्यात. तिथेही १५० ची सायकल उतरते, फक्त दगडांमधून उतरायची रेषा तुम्हाला जरा विचार करून निवडावी लागते.

शिवाय १७० घेतली की नुसता ट्रॅव्हल वाढत नाही, बाकीचं बिऱ्हाडही मागोमाग येतं. ३८ मिमी नळ्यांचा फोर्क (पुढचं सस्पेन्शन), जाड टायर, ६४ अंशांपेक्षाही आडवा हेड अँगल (फोर्कचा कल), आणि सायकल १६ किलोच्या आसपास. ट्रेकची स्लॅश (१७०/१७०) आणि स्पेशलाइज्डची स्टम्पजंपर इव्हो (मागे १५०, पुढे १६०) यांचे मापांचे तक्ते शेजारी ठेवून बघा. पहिली तीव्र उतारासाठीच जन्माला आलीय. टेकडीच्या मुरमाड, कमी उताराच्या वाटेवर ती झोपून चालते आणि सावकाश चढताना पुढचं चाक इकडेतिकडे भरकटतं.

दुकानात सगळे हेड अँगल विचारतात. चढासाठी त्याहून महत्त्वाचा सीट अँगल, म्हणजे सीटच्या नळीचा कल. ७६ ते ७७ अंश बघा. पण तक्त्यातला आकडा 'इफेक्टिव्ह' असतो, म्हणजे ठरावीक उंचीच्या सीटला मोजलेला. नळी प्रत्यक्षात जास्त कललेली असल्यामुळे सीट वर काढली की ती मागेही सरकते. पाय लांब असतील तर कागदावरचे ७६ अंश तुमच्यापुरते ७५ च्या खाली जाऊ शकतात. म्हणून सीट तुमच्या उंचीला लावून, खऱ्या चढावर चालवून बघा. ७८ च्या पुढेही जाऊ नका, सपाट डांबरावर सगळा भार तळहातांवर येतो.

आपल्याकडचा खडक पायऱ्यापायऱ्यांचा, त्यामुळे पेडल आपटणं हा इथला मोठा त्रास. १६० मिमी मागच्या ट्रॅव्हलला ३०% सॅग म्हणजे नुसतं बसल्यावरच मागचं सस्पेन्शन ४८ मिमी दबलं. त्यासोबत क्रँकही (पेडलचा दांडा) खाली आली. १७० किंवा १७५ ऐवजी १६५ मिमीचे क्रँक घ्या आणि फ्रेमला फ्लिप-चिप (फ्रेमची उंची थोडी बदलणारा तुकडा) असेल तर ती 'हाय'वर ठेवा. पुढचा फोर्क १० मिमीने वाढवला तर हेड अँगल साधारण अर्धा अंश आडवा होतो, पण सीट अँगलही तितकाच पडतो. त्यापुढे वाढवायच्या फंदात पडू नका, आणि फ्रेम किती मिमीच्या फोर्कपर्यंत चालते हे कंपनीच्या कागदात आधी बघा.

मागच्या ट्रॅव्हलला शॉकच्या (मागच्या सस्पेन्शनच्या) स्ट्रोकने, म्हणजे तो स्वतः किती दबतो त्या मापाने, भागा. १५० भागिले ६० म्हणजे २.५, १५० भागिले ५५ म्हणजे २.७. आकडा जितका मोठा तितकी शॉकमध्ये हवा जास्त भरावी लागते. ७५ किलोला दोन्ही चालतात. ९५ च्या पुढच्या माणसाने मात्र पहिलीच घ्यावी. एकाच फ्रेमसाठी बनवलेला विचित्र मापाचा शॉक असेल तर ती सायकल सोडा. तो बिघडला की बदली मिळेपर्यंत सायकल भिंतीला टेकून.

पैसे वाचवायचे तर कार्बनमध्ये वाचवा, टायर आणि ब्रेकमध्ये नाही. ब्रेक चार पिस्टनचे, पुढे २०० मिमीची डिस्क. टायर २९ × २.४ ते २.५. मॅक्सिसमध्ये बघायचं तर पुढे असेगाई मॅक्सग्रिप (मऊ रबर), मागे मिनियन डीएचआर टू मॅक्सटेरा (त्याहून कडक), एक्सो प्लस केसिंग (टायरची भिंत). मागे मॅक्सग्रिप लावू नका; तुमच्या डांबरावर ते मऊ रबर भराभर झिजेल. ट्यूबलेस हवंच, बाभूळ आणि गोखरू ट्यूबला दया दाखवत नाहीत. एका टायरमध्ये १०० ते १२० मिली सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव), उन्हाळ्यात दोन महिन्यांनी पुन्हा तपासा, कारण ते आत सुकून बसतं. हवा पुढे २२, मागे २५ पीएसआयपासून सुरू करा. रिम खडकावर खटकन वाजला तर मागे दोन वाढवा.

सॅग मागे ३०%, पुढे २०%. ६० मिमी स्ट्रोकच्या शॉकवर रबरी रिंग १८ मिमी सरकायला हवी, १६० च्या फोर्कवर ३२. पाण्याची बाटली, बॅग, शूज सगळं घालून मोजा. सॅग बरोबर असूनही दर राइडला ट्रॅव्हल तळापर्यंत जात असेल तर हवा वाढवू नका, व्हॉल्यूम स्पेसर (आतली हवेची जागा कमी करणारा तुकडा) एक वाढवा. हवा वाढवली की सुरुवातीचा मऊपणाच जातो.

सेकंडहँड बघत असाल तर एका हाताने सीट धरून मागचं चाक जमिनीवरून हलकेच उचला. खटका जाणवला तर पिव्हटची (सस्पेन्शनच्या सांध्यांची) बेअरिंग किंवा शॉकचे बुश गेलेत. फोर्कच्या नळीवर नख फिरवा; नख अडलं तर तो ओरखडा सील खाणार, आणि नळ्या बदलणं महाग पडतं.

रॉकशॉक्स फोर्कच्या खालच्या पायांचं तेल ५० तासांनी बदलायला सांगते. पावसाळ्यात मावळातला चिखल खाल्ल्यावर त्याही आधी बदला, आणि गाड्या धुण्याच्या दुकानातला प्रेशरचा फवारा बेअरिंगवर मारू देऊ नका.

मागचा हँगर (डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, ज्यावर बसतो तो तुकडा) यूडीएच या प्रमाण प्रकारचा असलेली फ्रेम निवडा. मनालीला जाताना त्याचे दोन जास्तीचे तुकडे बॅगेत टाका. दगडावर डिरेलर आपटला की वाकतो तो हाच, आणि आठ नंबरच्या ॲलन कीने फार तर पंधरा मिनिटांत नवा बसतो.