फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या नीसहून मोनाकोला सायकलने जाता येतं का? एवढ्या झगमगीत शहरात साध्या सायकलवाल्याला कोणी विचारतं का?

जाता येतं, आणि माझं मत विचाराल तर सायकलनेच जावं. मी फ्रान्समध्ये शिकायला होते तेव्हा सायकलने गेले, नंतर मित्रांबरोबर गाडीनेही गेले. गाडीतून मोनाको म्हणजे एक बोगदा, मग दुसरा बोगदा, मग जमिनीखालचं पार्किंग. डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यातला जेमतेम 2 चौरस किलोमीटरचा देश आहे हा. तिथे गाडी ठेवायला जागा शोधण्यातच अर्धी सकाळ जाते. सायकलवर असलात की शहर पहिल्या मिनिटापासून तुमच्यासमोर असतं.

नीसहून मोनाकोकडे जायला डोंगराच्या अंगावर एकावर एक असे तीन रस्ते आहेत. सगळ्यात खालचा बास कॉर्निश, क्रमांक 6098. जाताना हाच घ्या. अंतर साधारण 20 किलोमीटर. मधला म्वायेन कॉर्निश टाळा, तिथे गाड्या वेगात असतात आणि बोगदेही आहेत. सगळ्यात वरचा ग्रांद कॉर्निश नेपोलियनच्या काळातला, त्या रस्त्याबद्दल पुढे सांगते.

बास कॉर्निशचा स्वभाव कळायला रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जाणारा रस्ता आठवा. टेकाड आलं की चढ, खाडी आली की उतार, आणि वळणावळणावर समुद्र. नीसच्या बंदरापासूनच चढ सुरू होतो. पहिला चढ अंगावर येतो, कारण पाय अजून गरम झालेले नसतात. तो संपला की वळणावर एकदम व्हिलफ्रांशचा उपसागर खाली उघडतो. पाणी काठाजवळ हिरवं आणि आत गर्द निळं, मध्ये नांगर टाकलेली मोठी जहाजं, काठाला पिवळ्या-नारिंगी भिंतींची घरं. मी तिथे उतरले आणि बराच वेळ कठड्याला टेकून उभी राहिले. पाइनच्या झाडांचा उन्हात तापलेला वास अजून लक्षात आहे. फ्रान्समध्ये वाहनं उजवीकडून चालतात, त्यामुळे मोनाकोकडे जाताना तुम्ही समुद्राच्या बाजूला असता आणि मध्ये काही येत नाही. परतताना तुम्ही डोंगराच्या बाजूला जाता. म्हणून हा रस्ता जाण्यासाठी राखून ठेवा म्हणते. पुढे बोल्यू, एझचा समुद्राकाठचा भाग, कॅप दाय, आणि मग मोनाको.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण खरी धाकधूक तीच असते. या भागात सायकलवाला अजिबात परका नाही. जगातले कितीतरी व्यावसायिक सायकलपटू मोनाकोत राहतात, तादेय पोगाचारसुद्धा. ते याच डोंगरांत सराव करतात. 2024 मध्ये ऑलिंपिकमुळे टूर द फ्रान्स ही सायकलशर्यत पॅरिसमध्ये संपली नाही. शेवटचा टप्पा मोनाको ते नीस असा झाला आणि तो पोगाचारनेच जिंकला. त्यामुळे रस्त्यावर सायकल दिसली की तिथल्या चालकांना नवल वाटत नाही. फ्रान्सच्या कायद्यानेही सायकलला ओलांडताना वस्तीत 1 मीटर आणि वस्तीबाहेर दीड मीटर अंतर सोडावं लागतं. मला बहुतेक गाड्यांनी ते सोडलं. चढावर मागून येणारे सायकलवाले पुढे जाता जाता ‘बोंजूर’ म्हणतात, तुमची सायकल कितीची आहे ते बघत नाहीत.

कॅसिनोसमोरच्या चौकात मी सायकल एका हॉटेलच्या दाराजवळ टेकवायला गेले, तेव्हा गणवेशातला एक माणूस पटकन पुढे आला. मला वाटलं, झालं. पण तो माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत आला, सायकलचा स्टँड दाखवला आणि कुलूप लागेपर्यंत थांबला. एक नियम मात्र पाळा: समुद्रकिनारा सोडून शहरात उघड्या अंगाने किंवा अनवाणी फिरायला मोनाकोत मनाई आहे. टी-शर्ट घामेजला असेल तर बदलायला दुसरा ठेवा. लार्वोत्तोचा किनारा सगळ्यांना मोकळा आहे, पोहायचं असेल तर तिथे.

सीमा कुठे लागली ते कळतही नाही. फक्त एक पाटी. शेंगेनचा व्हिसा असेल तर वेगळं काही लागत नाही. फोनचं मात्र बघा. मोनाको युरोपियन युनियनमध्ये नाही, त्यामुळे फ्रान्सचं सिम मोनाकोचं नेटवर्क पकडून महागडं रोमिंग लावू शकतं. नकाशा आधीच डाउनलोड करा आणि डेटा बंद ठेवा.

फॉर्म्युला वनची शर्यत होते तो 3.337 किलोमीटरचा मार्ग म्हणजे एरवीचे रोजचे रस्ते. फॉर्म्युला वन नंतर आली, पण मोटारींची शर्यत इथे 1929 पासूनची. एकेरी रस्त्यांच्या पाट्या बघत त्यावरून सायकल चालवाच. टीव्हीवर चढ कळत नाही. सेंत देव्होतच्या छोट्या चर्चपासून कॅसिनोपर्यंत चढताना तो मांड्यांना कळतो. आणि खाली उतरताना ते प्रसिद्ध हेअरपिन वळण, कडेला लाल-पांढरे पट्टे. फॉर्म्युला वनच्या कुठल्याही शर्यतीतलं हे सगळ्यात हळू घ्यावं लागणारं वळण. मी ब्रेक दाबून, पाय जवळजवळ टेकवत ते घेतलं आणि या एवढ्याशा जागेतून त्या गाड्या जातात यावर विश्वास बसेना. फक्त शर्यतीच्या आधीचे आठवडे टाळा, कठडे आणि प्रेक्षकांचे मांडव उभारायला घेतले की रस्ते चिंचोळे होतात.

मग सायकलला कुलूप लावा आणि पायी निघा. डोंगर उभा असल्याने शहरभर सार्वजनिक लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, सगळे फुकट. राजवाडा असलेल्या खडकावर पहारेकऱ्यांची अदलाबदल रोज 11:55 ला होते. जवळच 1910 मध्ये उघडलेलं सागरी संग्रहालय कड्यावरच बांधलंय, ते बाहेरून बघितलं तरी छाती दडपते. पोटपूजेला चौकातले कॅफे नकोत. कोंदामीनच्या बाजारात बार्बाज्वान घ्या: पालेभाजी आणि चीज भरून तळलेले, गरम असताना कडा कुरकुरीत. शाकाहारी असाल तर आत काय भरलंय ते आधी विचारून घ्या.

सकाळी लवकर पोचलात तर आणखी एक मोनाको दिसेल. स्टेशनातून स्वयंपाकी, सफाईवाले, दुकानातली माणसं लोंढ्याने बाहेर पडतात. हे शहर रोज चालवणारी ही माणसं फ्रान्स आणि इटलीतून येतात. कित्येकांचं घर अगदी लागून असलेल्या बोसोलेय गावात. रस्ता ओलांडला की फ्रान्स. हे बघितल्याशिवाय मोनाको बघितलं असं मी म्हणणार नाही.

परतीला दोन पर्याय. दम उरला असेल तर ला त्युर्बीचा घाट चढा. टूरच्या त्या शेवटच्या टप्प्यात तो 8.1 किलोमीटरचा होता, सरासरी 5.6 टक्के चढाचा. वर सम्राट ऑगस्टसचं दोन हजार वर्षांपूर्वीचं विजयस्मारक आहे आणि तिथून अख्खं मोनाको पायाखाली दिसतं. पुढे ग्रांद कॉर्निशने 507 मीटरवरची एझची खिंड ओलांडली की नीसपर्यंत उतारच उतार. ब्रेक आधी तपासून घ्या. दम नसेल तर डोंगराच्या पोटातल्या स्टेशनातून लोकल ट्रेन धरा, सायकल बरोबर नेता येते. फक्त संध्याकाळी कामावरून सुटणाऱ्यांच्या गर्दीत सायकल घुसवू नका, त्याआधीची गाडी पकडा.

तुमची सायकल गियरची आहे का आणि कुठल्या महिन्यात जाताय, ते कळवा. जुलै-ऑगस्ट असेल तर निघायची वेळ आणि पाण्याचं गणित वेगळं सांगावं लागेल.