विचारलं तर नको ते डोक्यात भरवल्यासारखं होईल का?

"ताई, त्याले इचारू का नको? इचारलं आन् त्यानं खरंच काही करून घेतलं तर?" मुलाच्या मनात आत्महत्येचे विचार येतात का, हे त्याला विचारावं की नाही, हा रावेरकडच्या एका आईचा प्रश्न. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलगा ३२ वर्षांचा. केळीची गाडी भरताना वरून पडला, मणक्याला मार लागला, कमरेखालचं अंग गेलं. हल्ली म्हणतो, "मी सुटलो की तुम्हीपण सुटाल." घरातल्यांचं मत, असं अंथरूण धरलेला माणूस असंच बोलणार.

विचारायचंच, आणि सरळ विचारायचं. विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात पेरला जात नाही. उलट आतल्या आत कुढणाऱ्याला बोलायला वाट मिळते. मला जास्त काळजी वाटते ती घरातल्यांच्या त्या मताची. हातपाय धड असलेला पोरगा हेच बोलला असता, तर याच घराने त्याच दिवशी डॉक्टर गाठला असता. अपंग माणसाचं नैराश्य उपचाराशिवाय राहतं ते इथे.

त्याला एकट्याला भेटणंही सोपं नव्हतं. ज्याला कूस बदलायला माणूस लागतो, त्याच्या खोलीत सतत कोणीतरी असतंच. आईला ओट्यावर बसवलं आणि विचारलं, "मरून जावं असं मनात येतं का? काही ठरवलंयस का?" बराच वेळ गप्प राहून तो बोलायला लागला, ते पाण्याबद्दल. दुपारनंतर तो पाणीच पीत नव्हता. मे महिना, पत्र्याचं घर, तांब्या हाताशी भरलेला. पण लघवीची पिशवी भरली की रात्री आईला उठवावं लागतं आणि तिचे गुडघे दुखतात. मग लघवीला जंतुसंसर्ग, ताप, आणि तापात पुन्हा तेच, "मी ओझं झालोय." त्याला जगणं नकोसं करत होतं ते हे रात्रीचं उठवणं.

फवारणीची औषधं त्याच दिवशी घरातून हलवून मळ्यातल्या खोलीत कुलूपबंद केली, किल्ली चुलत्याकडे. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या सुरू केल्या. त्या एका वेळी आठवडाभर पुरतील एवढ्याच घरात ठेवायच्या. रात्रीसाठी मोठी पिशवी लावली, ती सकाळपर्यंत पुरते. आशाताई वरचेवर डोकावतात, मित्र संध्याकाळी व्हीलचेअर पारावर नेतात. चोपड्याच्या बाजूचे एक गृहस्थ, तसाच मार बसलेले, त्याला फोन करतात. माझ्यापेक्षा त्यांचं बोलणं त्याला जास्त पटतं, आणि तसंच व्हायला हवं.

खेड्यात पोलिसांच्या भीतीनेही लोक गप्प बसतात. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य ठरतं. तेव्हा दवाखान्यात खरं सांगायला कचरू नका.

त्याला विचार अजून येतात. आले की आधी चोपड्याला फोन करायचा. तो लागला नाही तर १४४१६, टेली-मानस ही सरकारी सेवा, चोवीस तास, मोफत, मराठीत. पडल्यापडल्या वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात हे खाटेशेजारच्या भिंतीवर लावलंय. आईच्या मोबाइलमध्येही तो नंबर घालून दिला आहे. घरच्यांनीही तिथे फोन करावा.