शब्दचर्चा: दात येताना हाडाची ‘झीज’ होते का?

प्रश्न असा: दात उगवताना त्याच्या वरचं जबड्याचं हाड विरतं, त्याला ‘हाडाची झीज’ म्हणावं की ‘अस्थि-पुनर्शोषण’?

दोन्ही नको. झीज घासून होते, पायरीची, नाण्याची. इथे कोणी कुणाला घासत नाही. दात खालून ढुशा देत वर येतो, ही समजूतच पोकळ. 1980च्या दशकात मार्क्स आणि केहिल या संशोधकांनी कुत्र्यांमध्ये वर यायच्या बेतातला दात काढून त्या जागी निर्जीव प्रतिकृती बसवली, दाताभोवतीची मऊ पिशवी, म्हणजे फॉलिकल, तेवढी शाबूत ठेवली. हाड विरलं, प्रतिकृती वर आली! फॉलिकल काढल्यावर मात्र धडधाकट दातही अडकून बसला. हुकूम सुटतो तो या पिशवीतून. सीएसएफ-1 आणि एमसीपी-1 हे रेणू मोनोसाइट या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बोलावून घेतात, रँकल नावाच्या आणखी एका रेणूच्या इशाऱ्यावर त्या एकमेकींत मिसळून हाड विरवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी होतात, आणि रँकलला अडवणारं ओपीजी हे प्रथिन नेमकं तेव्हाच घटतं. एवढ्या शिस्तीच्या कामाला झीज? त्यावर ‘क्षय’ हा उतारा सुचवणारे पंडित तर धन्यच. ‘झिजणे’ हे ‘क्षीयते’चंच प्राकृतातून घरंगळत आलेलं रूप आहे.

‘पुनर्शोषण’ ऐकलं की माझं डोकं उठतं. संधी चुकलेला, ‘पुनःशोषण’ हवं. आणि पुन्हा कसलं? आधी एकदा शोषलं होतं का? मूळ इंग्रजी शब्द ‘रिसॉर्प्शन’, त्यातल्या ‘रि’ या लॅटिन उपसर्गाचा अर्थ इथे ‘मागे, परत आत’ असा आहे.

उरलं ‘शोषण’, आणि खरी गंमत इथेच आहे. धातू शुष्, सुकणे. घशाला शोष पडतो तोच. संस्कृत ‘शुष्क’, प्राचीन इराणातल्या अवेस्ताई भाषेतला ‘हुश्क’, फारसी ‘खुश्क’ ही सख्खी भावंडं. मूळचा ‘स’ संस्कृतात पुढच्या ‘ष’च्या ओढीने ‘श’ झाला, इराणी बाजूला ‘ह’ झाला, सिंधूचं हिंदू झालं तसा. त्याच फारसीतून आपल्याकडे खुष्की आली, कोरड्या जमिनीवरची वाट. म्हणजे शोषणाने हाडातून दातासाठी निघते ती वाट अक्षरशः खुष्कीचा मार्ग!

तिथे तर सगळं ओलं, ऑस्टिओक्लास्ट आम्ल सोडून खनिज विरघळवतात, मग सुकणं कुठलं, असं कोणीतरी म्हणणारच. अहो, टीपकागद शाई शोषतो तेव्हा तोही ओलाच होतो.

तेव्हा ‘अस्थिशोषण’. एकच शब्द, मध्ये रेघ नको.