नोकरी आणि घर सांभाळून एक दिवसाचं मौनव्रत कसं करावं? व्हॉट्सअ‍ॅप चालतं का?

व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही. गीतेच्या १७व्या अध्यायात मौन वाणीच्या तपात नाही, मनाच्या तपात धरलंय (श्लोक १६). तोंड मिटून दिवसभर ग्रुपवर उत्तरं टाइप केली तर घशाला आराम मिळेल, बस.

विधी छोटा आहे. अंघोळ करून पूर्वेकडे तोंड करून बसा, आचमन करा, उजव्या हातात पळीभर पाणी घ्या आणि संकल्प मोठ्याने म्हणा: किती वेळ मौन, कशासाठी, आणि सूट कशाची. मग पाणी ताम्हणात सोडा. तिथून मौन सुरू. सूट आधीच बोलून ठेवणं महत्त्वाचं, कारण व्रत बहुधा तिथेच फिसकटतं. संध्याकाळची आरती आणि स्तोत्रं म्हणणार की नाही? पाटीवर लिहून सांगणार की नाही? आजारपण किंवा अपघात असेल तर अर्थातच बोलायचं. काहीच ठरलं नसेल तर दुपारपर्यंत मन दर तासाला नवी सवलत काढतं.

खुणासुद्धा न करणं म्हणजे काष्ठमौन. पहिल्या खेपेला त्याच्या वाटेला जाऊ नका. सूर्योदय ते दुपारचं जेवण एवढंच धरा, जमलं तर पुढच्या वेळी सूर्यास्तापर्यंत. त्याच दिवशी कडक उपासही नको. चहा तुटला की डोकं दुखतं आणि खापर मौनावर फुटतं.

घरच्यांना आदल्या रात्री सांगा. गॅसवाला, दूधवाला, कुरिअर यांच्यासाठी ‘आज मौन आहे, उद्या बोलू’ अशी चिठ्ठी दाराशी ठेवा. पण दर पाच मिनिटांनी चिठ्ठ्या खरडू नका. हातवारे आणि ‘हं हं’ वाढत गेले की घरातले वैतागतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. आदल्या दिवशी भांडण झालं असेल तर तो दिवस सोडाच. ते मौन धरायचं नाही, तो अबोला होतो. ऑफिसचा दिवसही नको, रविवार किंवा सुट्टीची एकादशी बघा.

रिकामा वेळ खायला उठतो, म्हणून जप ठेवा. जप मानस हवा, म्हणजे मनातल्या मनात. ओठ हलले की तो उपांशू, म्हणजे पुटपुटत केलेला जप झाला. चुकून शब्द निसटला तर व्रत मोडलं म्हणून सोडून देऊ नका, विष्णुस्मरण करा आणि पुढे चला.

नाशकात अमावास्येला रामकुंडावर मौनात जाण्याची हौस असते. त्या दिवशी पितृकार्याची गर्दी असते, ‘काय करायचंय?’ म्हणून कुणी ना कुणी अडवतंच. त्यापेक्षा पहाटे स्नान करून परत या आणि मग संकल्प करा, नाहीतर टाकळीच्या समर्थांच्या मठात जाऊन बसा.

मौन सोडताना पहिला शब्द देवाचं नाव असू द्या. आणि मौनी अमावास्या धरणार असाल तर पंचांग नीट बघा. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे त्यांची माघातली मौनी अमावास्या म्हणजे आपली पौष अमावास्या. आपल्या दिनदर्शिकेतली माघ अमावास्या धरलीत तर महिनाभर उशीर झालेला असेल.