पाप करून चर्च सुटलं, आता देवाकडे परत कसं यावं?

सोलापुरात भिशीचे पैसे खाल्ले, लाजेने तीन वर्षं चर्चची पायरी चढलो नाही, असा प्रश्न आहे. ‘आधी सुधारतो, मग जातो’ इथेच बहुतेकांची गाडी अडते. बायबलमध्ये लूक 15 मधला, बापाची संपत्ती उधळलेला मुलगा डुकरं राखत होता तसाच उठून घरी निघाला. तो दूर असतानाच बाप धावला.

आज स्तोत्र 51, दाविदाची पश्चात्तापाची प्रार्थना, मोठ्याने वाचा. कबुली मोघम नको: ‘चुकलो’ नव्हे, ‘भिशीचे 20,000 खाल्ले’. क्षमेचं वचन 1 योहान 1:9 मध्ये आहे. मन लगेच हलकं होत नाही, म्हणून क्षमा मिळालीच नाही असं धरू नका.

परतफेडीने क्षमा विकत मिळत नाही, पण पैसे द्यायचेच. जक्कय या जकातदाराने ज्यांना फसवलं त्यांना चौपट देऊ केले (लूक 19:8). तुम्ही हप्त्याने द्या, पहिला याच आठवड्यात. पाळकांना रविवारच्या गर्दीत नको, मधल्या वारी एकटे भेटा. कॅथलिक असाल तर फादरांकडे पापनिवेदन.